टणक, काळं आणि उबदार

उलानबातर,
९ जून १९९७

ती. खांदमाताईस,
धाकट्या शागदरचा शि. सा. न. वि. वि.

हिवाळ्यातून गुरंढोरं सुखरूप निघाली ना? कोकरं जगली ना? जांबा दाजींचा गुडघा आता कसा आहे? तुझ्या सासूबाईंना माझा वाकून नमस्कार सांग. इथे आम्ही सगळे ठीक. पत्र चोइज ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे ते तुला मिळेपर्यंत त्यानं वाटेत चार ठिकाणी चहा घेतलेला असेल.

ताई, एक गळ घालायची आहे. माझ्या वर्गात हंगेरीहून आलेली एक मुलगी आहे, पिरोश्का. विद्यापीठात आपली भाषा शिकायला आली आहे. हुशार इतकी की जुन्या लिपीतली कागदपत्रं, जी आमच्या इथल्या पोरांना उलटी धरली काय नि सुलटी धरली काय सारखीच, ती ही घडाघडा वाचते. पण बोलायची वेळ आली की संपलं. खाणावळीत मीठ मागते ते राजाचं फर्मान वाचून दाखवावं तसं. वाढणारी बाई हातातला डाव तसाच धरून उभी राहते. रस्त्यात कुणी काही विचारलं तर ही आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विचारणारा घरी जाऊन जेवायला बसलेला असतो.

सप्टेंबरच्या अखेरीस तिची तोंडी परीक्षा आहे. पास झाली तर शिष्यवृत्ती चालू राहील, नाहीतर सरळ परत घरी. तिला जायचं नाहीये. परवा वर्गात एकटीच बसून रडत होती आणि मला बघून म्हणाली की तिला आमची भाषा डोळ्यांनी येते, तोंडानं येत नाही. हे एकच वाक्य तिनं न अडखळता म्हटलं.

विभागप्रमुखांचं मत असं की उन्हाळाभर वसतिगृहात बसवून तिच्याकडून व्याकरण घोटून घ्यावं. मी सगळ्यांसमोर म्हणून बसलो की माझ्या बहिणीच्या तंबूत, तिच्या गेरमध्ये एक उन्हाळा काढू द्या, तिथल्या बायकांसारखी बोलायला लागेल. आता माझा शब्द तुझ्या हाती आहे. तिला पाहुणीसारखी मिरवू नकोस. कामाला लाव, रागव, चुकली तर सुधार.

तिच्यासोबत तुझ्यासाठी पिठाची गोणी आणि दाजींसाठी तंबाखू पाठवतोय. ही लाच आहे असं समजायला हरकत नाही. माया आहेच, ती पोरीच्या वाट्यालाही थोडी यावी.

तुझा,
शागदर


तामिरकाठ,
६ जुलै

चि. शागदरास,
खांदमाताईचे पोटभर आशीर्वाद.

जनावरं धष्टपुष्ट, माणसं त्याहून. तुझी पाहुणी सुखरूप पोचली हे आधी लिहिते, नाहीतर बाकीचं पत्र तू उभ्याउभ्याच वाचशील.

आली ती गेरपासून लांब उभी राहिली आणि तिनं पाहुण्याच्या रीतीप्रमाणे कुत्रं धरायला सांगितलं. तुझ्या पुस्तकात छापलं असेल तसं, एकेक शब्द सुटा करून. आमच्या कुत्र्यानं जन्मात एवढं शुद्ध बोलणं ऐकलं नव्हतं, ते शेपूट घालून बसलं. हे हसायला लागले, मी डोळे वटारले. बॅगा दोन, एकीत कपडे आणि दुसरीत नुसती पुस्तकं. पुस्तकांची बॅग मी पलंगाखाली सारली आणि सांगितलं की आता ही तू जाताना निघेल. तोंड एवढंसं झालं बिचारीचं.

तुझ्या विद्यापीठात गाय कुठल्या बाजूनं पिळतात हे शिकवत नाहीत वाटतं. पहिल्या दिवशी गाईनं हिला लाथ मारली, दुसऱ्या दिवशी हिनंच गाईची माफी मागितली, त्यानंतर दोघींचं जमलं. आता उबदार डोंगरावर यायच्या आत आम्ही दोघी मिळून सगळ्या गाई पिळून मोकळ्या होतो. दुपारी नदीकाठच्या मोठ्या टणकावर बसून लोकर निवडते. काल चुलीचं काळं तापलेलं असताना त्यावर हात टेकला, म्हणून बोटांना लोणी फासून बसली आहे. आरूल चावायला गेली आणि दात हलला म्हणाली. मी सांगितलं, सुकं दही आहे ते, चावायचं नसतं, गालात धरून बसायचं असतं, म्हणजे जीभही जरा विसावते. तर म्हणाली की तिची जीभ आधीच खूप विसावलेली आहे. पोरगी मजेशीर आहे.

मी बोलले की माझा शब्द ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणते आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी वापरून टाकते. खाली पडू देत नाही. तू म्हणालास रागव, पण रागावायला जागा तर हवी.

आईंचं आणि तिचं विशेष सूत जुळलंय. आई शहाऐंशीच्या झाल्या, शेजारच्या गेरमध्ये एकट्या निजतात, कुणाचं ऐकून घेत नाहीत. ही चहा घेऊन गेली की तिला बसवून ठेवतात आणि माहेरच्या घोड्यांच्या गोष्टी सांगतात. त्याच गोष्टी मी सून म्हणून आल्यापासून ऐकतेय. मला कंटाळा आलाय हे त्यांना कळतं, आणि तिला आलेला नाही हेही कळतं.

पीठ चांगलं आहे. तंबाखू ह्यांनी दोन दिवसांत निम्मी केली. तब्येतीला जप, उपाशी शिकवत जाऊ नकोस. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
खांदमाताई


तामिरकाठ,
२५ ऑगस्ट

चि. शागदरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, दोन्हीत एकच प्रश्न, बोलते का, बोलते का. अरे, आता गप्प बसते का असं विचार. काल शेजारच्या सुरेनची घोडी आमच्या गवतात शिरली, तर हिनं सुरेनला असं काही सुनावलं की तो घोडी हाकायची सोडून आधी हिची माफी मागत बसला. मी आत बसून ऐकत होते. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

वागायलाही शिकली. वडीलधाऱ्यांकडे पाठ करत नाही, उंबऱ्यावर पाय देत नाही, आईंच्या समोर बाह्या खाली ओढून, डोकं झाकून बसते. हे मी सांगितलं नव्हतं. माझं बघून करायला लागली.

उद्या चोइजच्या जीपनं ती निघेल. आईंनी सकाळपासून कुणाशी बोलणं टाकलंय. हे उगीचच घोड्यांकडे जाऊन येतात. मी तुझ्यासाठी आरूल आणि लोणी बांधून ठेवलंय आणि पोरीच्या पुस्तकांची बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली आहे. ती बघून तिला हसू आलं. उन्हाळाभर उघडली नाही म्हणाली.

आता काय परीक्षा घ्यायच्या त्या घ्या. आमच्या बाजूनं आम्ही कमी केलेलं नाही. माया असू द्यावी.

तुझी,
ताई


उलानबातर,
११ सप्टेंबर

ती. खांदमाताईस,
सा. न. वि. वि.

लोणी पोचलं, आरूल पोचलं, पोरगीही पोचली. ताई, हे पत्र लिहिताना हसावं की रडावं तेच मला कळेनासं झालंय.

काल विभागात सराव परीक्षा घेतली. उन्हाळ्याबद्दल बोल, म्हटलं. ती उभी राहिली आणि अशी बोलायला लागली की माझे कान निवले. कुठे अडखळणं नाही, शब्द शोधणं नाही. वर तुझा तो ठसका. विभागप्रमुखांकडे बघून मी मिशीला पीळ द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात ती म्हणाली की ती रोज उबदार उगवायच्या आधी उठायची, टणकांवरून उड्या मारत ओढा ओलांडायची आणि काळ्याच्या घणानं खुंट्या ठोकायची. विभागप्रमुखांनी विचारलं, काय उगवायच्या आधी? तिनं सांगितलं, उबदार. त्यांनी खिडकीकडे बोट केलं आणि विचारलं की ते बाहेर आकाशात आहे त्याला काय म्हणतात. तिनं अगदी प्रेमानं सांगितलं की उबदार म्हणतात. म्हाताऱ्याला हे कसं ठाऊक नाही, असंही तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तुझ्या सासूबाई नारन, म्हणजे सूर्य. तुझे सासरे, देव त्यांना सुखात ठेवो, चुलून, म्हणजे दगड. थोरले दीर तुमुर, म्हणजे लोखंड. सुनेनं वडीलधाऱ्यांची नावं घ्यायची नसतात, म्हणून त्या नावाच्या वस्तूही तू लग्नापासून कधी नावानं म्हटल्या नाहीस. सूर्याला उबदार, दगडाला टणक, लोखंडाला काळं. मला ते लहानपणापासून इतकं सवयीचं की माझ्याही लक्षात राहिलं नाही. पोरीला मात्र वाटलं की मंगोल भाषा म्हणतात ती हीच.

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. वसतिगृहाच्या खिडकीला लावायला म्हणून बाजारात जाऊन तिनं काळ्याची पट्टी मागितली. दुकानदारानं वेणीला बांधायची काळी फीत दिली. माझ्या खोलीतून निघताना पाठ फिरवायची नाही म्हणून मागे मागे चालत गेली आणि कोट अडकवायचा खांब पाडला, माझ्या नव्या कोटासकट.

विभागप्रमुख म्हणतात की ही मंगोल भाषा शिकून आली नाही, चुलूनच्या घराची भाषा शिकून आली. परीक्षेला आता थोडेच दिवस उरलेत. असं बोलली तर तिला नापास करणार, शिष्यवृत्ती गेली आणि माझी अब्रूही. ताई, अख्ख्या उन्हाळ्यात तिला एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?

तुझा चिंतेत पडलेला,
शागदर


तामिरकाठ,
१७ सप्टेंबर

चि. शागदरास,
आशीर्वाद, पण आज जरा हात राखून.

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. तिथल्या बायकांसारखी बोलायला लागेल असं चारचौघांत कोण म्हणालं होतं? लागली. आता तक्रार कसली?

सांगायचं म्हटलं तरी कसं ते तू सांग. बाई गं, याला खरं तर अमुक म्हणतात, असं सांगायला ते अमुक माझ्या तोंडातून निघायला नको का? तेच तर निघत नाही. ह्यांनी सांगावं म्हणशील, तर एक ह्यांच्या बापाचं नाव, एक आईचं, एक थोरल्या भावाचं. शेजारीपाजारी आमच्या दारात येऊन आमच्याच वडीलधाऱ्यांची नावं कशी घेतील? तेही आमच्यासमोर उबदारच म्हणतात. आईंनी तरी कसं सांगावं? नवऱ्याचं आणि थोरल्या लेकाचं नाव त्यांच्या तोंडी येत नाही, आणि स्वतःला स्वतः कोण हाका मारतं? साऱ्या खोऱ्यात ती पोर फिरली, पण तिची चूक दाखवू शकेल असा एकही माणूस तिला भेटला नाही. याला कोण काय करणार?

आणि एक सांगते, रागावू नकोस. मला ते बोलणं वेगळं आहे हेच तुझ्या पत्रावरून कळलं. इतकी वर्षं झाली, माझ्या लेखी तोच शब्द झाला. ती माझा एकेक शब्द उचलून घेत होती तेव्हा मला फार बरं वाटत होतं. माझ्या सुना शहरात, त्या सासऱ्याला नावानं हाक मारतात. माझ्यामागे हे बोलायला कुणी नाही. म्हणून मी थोडं जास्तच बोलले असेन.

बरं, पोरीचं नुकसान मला नको आहे. तिला जवळ बसवून सांग की ताईनं मोकळीक दिली आहे. आकाशातल्याला, नदीतल्याला आणि चुलीच्याला चारचौघांसारखं म्हण. वस्तू ती वस्तू. माणसांचं मात्र मी काही सांगत नाही, ते तिचं तिनं ठरवावं.

कोटाचं वाईट वाटलं. खांब भिंतीला ठोकून घे, काळ्याच्या खिळ्यानं.

परीक्षा झाल्याबरोबर कळव. मी देवापुढे दिवा लावते आहे. राग धरू नये, लोभ धरावा.

तुझी,
ताई


उलानबातर,
१ ऑक्टोबर

ती. खांदमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाली हे आधी लिहितो, नाहीतर बाकीचं पत्र तू उभ्याउभ्याच वाचशील. आता बस आणि चहा ओतून घे.

तुझा निरोप मिळाल्यापासून रोज तिला घेऊन बसत होतो. सूर्य म्हण, दगड म्हण, लोखंड म्हण. पहिल्या दिवशी सूर्य म्हणताना तिनं आवाज खाली घेतला आणि मागे वळून बघितलं, न जाणो दारात नारन आजी उभ्या असतील. मी सांगितलं की ताईनं परवानगी दिली आहे. मग हळूहळू जमायला लागलं.

परीक्षेला दुगरसुरेन बाई अध्यक्ष होत्या. बाई कडक, हसताना कुणी पाहिलेल्या नाहीत. पिरोश्का छान बोलली. दगड म्हणाली, सूर्य म्हणाली, लोखंडाच्या घणाचं सांगताना तो कसा मारायचा तेही दाखवलं. माझा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी सहज, सोप्यातला सोपा म्हणून प्रश्न विचारला. कुणाच्या घरी राहिलीस, घरातल्या थोरांची नावं काय?

ती गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं. ती खाली बघते आणि बाह्या मनगटावर ओढते. विभागप्रमुख माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या आठवड्यात शिकवतो तो प्रश्न, तुझं नाव काय, त्याचं नाव काय, आणि हिला तोच कळेना. माझ्या पाचावर धारण बसली. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं सांग, चुलून सांग, नारन सांग, आत्ताच तर दोन्ही शब्द म्हणालीस.

मग तिनं मान वर केली आणि शांतपणे म्हणाली की प्रश्न कळला आहे, पण ती थोर नावं आहेत, तिच्या तोंडाला जड होतात. गुण कापायचे असतील तर कापावेत.

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता संपलं. तर बाई म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यांच्या नावात पाणी आहे. तीस वर्षं झाली, त्या शहरात नळाखाली उभ्या राहूनसुद्धा पाण्याला वाहतं म्हणतात. नवऱ्यालाही कधी कळलं नाही. मग त्यांनी विचारलं की तामिरचं वाहतं यंदा किती वर होतं? पिरोश्का फुललीच एकदम. म्हणाली की मोठ्या टणकापर्यंत आलं होतं, आणि उबदार मावळताना ते सगळं तांबडं दिसायचं. बाई म्हणाल्या की त्यांच्या माहेरीही तसंच दिसायचं. दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की कारकुनानं लेखणी खाली ठेवली आणि मला विचारलं, गुरुजी, ही कोणती भाषा लिहू?

बाईंनी सगळ्यात वरचे गुण दिले. शिष्यवृत्ती कायम झाली. विभागप्रमुखांनी माझा हात हातात घेतला आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी दोन पोरं ताईंकडे पाठवता येतील का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ताईंना विचारून सांगतो.

आईंना हे पत्र मुद्दाम वाचून दाखव. त्यांच्या नावाचा पोरीनं असा मान ठेवला, त्यांना आनंद होईल. आशीर्वाद असू द्यावेत, दोघांवरही.

तुझा,
शागदर


तामिरकाठ,
१८ ऑक्टोबर

चि. शागदरास,
दोन्ही हातांनी आशीर्वाद, पोरीला चार जास्त.

पत्र आलं तेव्हा चहा खरंच ओतून घेतला आणि तो गार झाला. ह्यांनी दोनदा वाचून घेतलं. वाहत्याचं वाचून मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांग, आणि उन्हाळ्यात या म्हणावं, आमच्याकडे वाहतं भरपूर आहे. दोन पोरांचं नंतर बघू.

आता जे लिहिते ते नीट वाच. संध्याकाळी मी तुझं पत्र घेऊन आईंच्या गेरमध्ये गेले. सगळं वाचून दाखवलं, त्यांचं नाव आलं तिथे मी घसा खाकरला आणि पुढे गेले. मला वाटलं, आता म्हणतील की पोर गुणाची. त्या नुसत्या चुलीत शेणकुटं सारत बसल्या. मी विचारलं, आवडलं नाही का? तर म्हणाल्या, आवडलं. पण ती तरी म्हणाली असती.

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. माझे सासरे होते तोवर ते त्यांना नावानं हाक मारायचे. भाऊ मारायचे. ते सगळे गेले. शेवटी नदीपलीकडची दोल्गोर उरली होती, त्यांची लहानपणची मैत्रीण. ती रोज पलीकडच्या काठावरून नावानं ओरडायची. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तीही गेली. तेव्हापासून त्यांचं नाव कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर पडलेलं नाही. कुणी आई म्हणतं, कुणी आजी म्हणतं, आणि सगळेजण अगदी मानानं वागतात. म्हणाल्या, आता ते नाव फक्त मी मेल्यावर लामानं घ्यायचं तेवढं राहिलंय, आणि तेव्हा मी ऐकायला नसेन. हे सांगताना त्या हसत होत्या. मला नाही हसू आलं.

शागदर, इतकी वर्षं मी त्यांचा मान राखते आहे असं समजत होते. राखतच होते. पण त्यातून असं काही होत असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मेंढ्यांच्या वाड्यामागे जाऊन म्हणून बघितलं. कुणी नव्हतं. तोंड उघडलं, जीभ टाळूला चिकटून बसली. ह्यांना सांगितलं तर ते घोड्यावर बसून निघूनच गेले आणि जेवायला आले ते डोळे लाल करून. आम्हांला कुणालाही ते जमायचं नाही.

आई म्हणतात की पोर पाहुणी आहे, तिची आई हंगेरीत आहे, तिला दोष लागत नाही. त्सागान सारला तिला इकडे पाठव. नव्या वर्षाचा नमस्कार करायला म्हणून येऊ दे आणि आईंना एकदा नावानं हाक मारू दे. आईंनी स्वतः सांगितलंय म्हणून सांग. फार लांबणीवर टाकू नकोस, आईंचं वय तुला ठाऊक आहे.

तुझी,
ताई


उलानबातर,
२२ नोव्हेंबर

ती. खांदमाताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर काय द्यावं हेच ठरत नव्हतं.

पिरोश्काला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती फार रडली, यायला लगेच तयार झाली. पण हाक मारायचं म्हटल्यावर नाही म्हणाली. आजीबाईंना नावानं कशी हाक मारू, त्यांनी मला चहा पाजला, माझ्या केसांना लोणी लावलं. मी म्हटलं, सूर्य म्हण. म्हणाली. आता तोच शब्द आजींना उद्देशून म्हण. तिनं बाह्या खाली ओढल्या. पुन्हा प्रयत्न केला, तर म्हणाली की परीक्षेत जे केलं म्हणून गुण मिळाले त्याच्या अगदी उलट करायला सांगताय. तिचं चुकत नाही. मला तरी कुठे जमलं असतं?

आपण पोरीला नको इतकी आपल्यातली करून ठेवली आहे, ताई. त्सागान सारला चोइजच्या जीपमध्ये बसवून देतो. पुढचं तुम्ही दोघी सासूसुना बघा. आईंना थंडीत बाहेर पडू देऊ नका.

तुझा,
शागदर


तामिरकाठ,
८ मार्च १९९८

चि. शागदरास,
खांदमाताईचे नव्या वर्षाचे अनेक आशीर्वाद. जनावरं हिवाळ्याला पुरून उरली, आम्हीही उरलो.

पोरीनं त्सागान सारचा नमस्कार अगदी रीतसर केला. मानाचं निळं रेशमी वस्त्र, खदक, हातांवर धरून आईंच्या कोपरांखाली हात दिले, आईंनी तिचं डोकं हुंगलं. तुझ्या नावचे मटणाचे मोदक, बूजही तिनंच खाल्ले. आई नवा देल घालून दोन दिवस वाट बघत बसल्या. ही चहा घेऊन जायची, त्या ताठ होऊन बसायच्या, आणि ही म्हणायची, आजी, चहा. आई पेला घ्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. दुसऱ्या दिवशी वैतागून मला म्हणाल्या की शागदरनं हिला जरा जास्तच शिकवलंय. तिसऱ्या दिवशी पोरीनं उंबऱ्याशी उभं राहून तोंड उघडलं, मिटलं आणि बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला म्हटलं, राहू दे बाई, मी एवढ्या वर्षांत म्हणू शकले नाही.

जायच्या दिवशी आई बाहेरच आल्या नाहीत. रुसून आत बसल्या. पोर त्यांच्या पाया पडून आली, जीपमध्ये बसली, चोइजनं गाडी काढली. आम्ही दोघं बघत उभे. जीप गोठलेल्या नदीवरून पलीकडच्या काठाला गेली आणि तिथे थांबली. मला वाटलं, चाक अडकलं. तर पोर खाली उतरली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आईंना हाक मारली.

नाव मी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही. इतक्या मोठ्यानं की सुरेनच्या घोड्यांनीसुद्धा माना वळवल्या. मला कानांवर हात ठेवावेसे वाटले, पण ते वर उचलेनात. हे टोपी काढून उभे राहिले.

गेरचं दार उघडलं. आई बाहेर आल्या, काठी नाही, डोक्यावर काही नाही. थेट काठापर्यंत चालत गेल्या. मी धरायला धावले तर माझा हात झटकला.

आणि आईंनी ओ दिली.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
खांदमाताई